‘कोणीतरी कळविले असेल’ : संकटकाळी पोलिसांना खबर देण्याचा एक पाठ

रात्रीचे साडेदहा वाजले आहेत. अभ्यासिकेतील दिवे मालवून विद्यार्थी शयनगृहात परतले आहेत. इतक्यात रस्त्याच्या बाजूने आरडाओरडा ऐकू येतो. काच फुटल्याचा आवाज होतो आणि कोणीतरी ‘वाचवा’ म्हणून ओरडते. शयनगृहात तीस मुले जागी आहेत, समोरच्या इमारतीत दहा बिऱ्हाडे जागी आहेत. पण प्रत्येकाच्या मनात त्या क्षणी एकच वाक्य उमटते : ‘कोणीतरी कळविले असेल.’ बहुधा कोणीच कळविलेले नसते.

या स्मरणिकेत शाळेच्या वाटचालीचा आणि विद्यार्थ्यांच्या यशाचा आढावा येईलच. त्यासोबत एक पाठही असावा, जो कोणत्याही परीक्षेला नाही पण आयुष्यात एकदा तरी उपयोगी पडेल, असे आम्हां शिक्षकांना वाटले. गुन्हा घडताना पाहिला, ऐकला किंवा स्वतःवर ओढवला, तर पोलिसांना केव्हा व कशी खबर द्यावी, हा तो पाठ होय.

मौन का पडते?

संकट पाहूनही माणसे गप्प राहतात, ती सगळीच निर्दय असतात म्हणून नव्हे. १९६८ साली अमेरिकेत बिब लाताने आणि जॉन डार्ली या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही युवकांना प्रश्नावली भरण्यासाठी खोलीत बसविले आणि भिंतीतल्या फटीतून हळूहळू धूर सोडला. खोलीत एकट्याने बसलेल्यांपैकी शेकडा ७५ जणांनी बाहेर जाऊन धुराची खबर दिली. मात्र ज्यांच्या शेजारी निर्विकार चेहऱ्याने लिहीत राहणारी दोन माणसे मुद्दाम बसवली होती, त्यांच्यापैकी शेकडा १० जणांनीच ती दिली. धूर तोच होता. फरक एवढाच, की शेजारचा माणूस शांत होता, म्हणून आपणही शांत राहिलो.

निवासी शाळेत आपण कधीच एकटे नसतो. म्हणूनच हा धोका आपल्याला अधिक आहे. यावर उपाय एकच. गर्दीत उभे असताना असे समजावे, की इथे मी एकटाच आहे आणि खबर देणे हे माझेच काम आहे. एका घटनेसाठी पाच फोन गेले तर काही बिघडत नाही, पण एकही गेला नाही तर सारेच बिघडते.

तथागतांची कसोटी

‘उगाच बोलून वाईटपणा कशाला घ्यायचा’, अशी शंका पुष्कळांना येते. मज्झिम निकायातील अभयराजकुमार सुत्तात तिचे उत्तर आहे. तथागत अप्रिय बोलतात का, असे अभय राजकुमाराने विचारले, तेव्हा त्याच्या मांडीवर तान्हे मूल होते. भगवंतांनी उलट विचारले, की या बाळाने काडी किंवा खडा तोंडात घातला तर तू काय करशील? राजकुमार म्हणाला, की मी एका हाताने त्याचे डोके धरीन आणि बोट वाकवून खडा बाहेर काढीन, रक्त आले तरी काढीन, कारण मला त्याची करुणा आहे. त्यावर भगवंतांनी वाणीची कसोटी सांगितली. बोलणे सत्य असावे, हितकारक असावे आणि योग्य वेळी केलेले असावे. ते ऐकणाऱ्याला प्रिय आहे की अप्रिय, हा प्रश्न त्यानंतरचा आहे.

पोलिसांना दिलेल्या खबरीला हीच कसोटी लावता येते. जे पाहिले तेच सांगावे, हे सत्य. संकटात सापडलेल्याचा जीव वाचावा म्हणून सांगावे, हे हित. आणि सकाळपर्यंत न थांबता आत्ताच सांगावे, ही वेळ.

एका क्रमांकाची कहाणी

१९३५ च्या नोव्हेंबरात लंडनमधील विम्पोल स्ट्रीटवरील एका घराला आग लागून पाच स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. शेजाऱ्याने फोन लावला होता, परंतु इतर साध्या फोनांच्या रांगेत तो अडकून पडला. त्यानंतर ३० जून १९३७ पासून लंडनमध्ये ‘९९९’ हा स्वतंत्र आपत्कालीन क्रमांक सुरू झाला. अशी व्यवस्था सुचली, कारण फोन करणाऱ्या एका शेजाऱ्याचे म्हणणे वेळेवर कोणाला ऐकू आले नाही.

आपल्या देशात पोलिसांसाठी १००, अग्निशमनासाठी १०१ आणि रुग्णवाहिकेसाठी १०२ किंवा १०८ असे वेगवेगळे क्रमांक पाठ करावे लागत. २०१५ साली दूरसंचार नियामक प्राधिकरणाने एकाच क्रमांकाची शिफारस केली आणि २०१८ पासून देशभर टप्प्याटप्प्याने ‘११२’ सुरू झाला. महाराष्ट्रात ही सेवा २०२१ मध्ये आली. तिचे मुख्य केंद्र आपल्या जवळच, नवी मुंबईतील महापे येथे आहे आणि दुसरे नागपूरला आहे. फोन केंद्रात जातो, तेथील कर्मचारी माहिती नोंदवून घेतो आणि ती घटनास्थळाच्या जवळच्या पोलीस वाहनातील पडद्यावर पाठविली जाते. या फोनला पैसे पडत नाहीत. हातातला मोबाइल दुसऱ्याचा असला आणि त्याला कुलूप असले, तरी पडद्यावरील ‘आपत्कालीन’ या शब्दावर बोट ठेवून ११२ लावता येतो.

आणखी काही क्रमांक लक्षात ठेवावेत. बालकांसाठी १०९८, महिलांसाठी १८१, सायबर फसवणुकीसाठी १९३०, रेल्वे प्रवासातील मदतीसाठी १३९, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारांच्या तक्रारीसाठी १४५६६. परंतु घाबरलेल्या मनाला इतके आठवत नाही. तेव्हा फक्त ११२ आठवावा.

केव्हा फोन करावा?

तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. कोणाच्या जिवाला किंवा शरीराला आत्ता धोका आहे का? गुन्हा या क्षणी घडतो आहे का, किंवा नुकताच घडला आहे का? गुन्हेगार अजून जवळपास आहे का? यांपैकी एकाचेही उत्तर ‘होय’ असेल, तर ११२ लावावा. मारहाण, जमावाचा हल्ला, घरफोडी, मुलीचा पाठलाग, मुलाला बळेच गाडीत बसविणे, घरातील स्त्रीला होणारी मारहाण, अपघात करून पळणारे वाहन, ही सारी तशीच प्रसंगे आहेत. घरातले भांडण म्हणजे त्यांचा खासगी मामला, असे म्हणून स्वयंपाकघरातली किंकाळी सोडून देता येत नाही.

सायकल दोन दिवसांपूर्वी चोरीला गेली, मोबाइल हरवला, ओळखपत्र सापडत नाही, अशा वेळी ११२ अडवू नये. पोलीस ठाण्यात जाऊन तक्रार द्यावी. मात्र बँक खात्यातून फसवून पैसे काढले गेले असतील, तर ‘उद्या बघू’ म्हणू नये. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात झपाट्याने फिरविले जातात. १९३० वर जितक्या लवकर कळवाल, तितकी ती रक्कम वाटेत गोठविण्याची शक्यता अधिक.

निश्चित ठरवता येत नसेल तर काय करावे? फोन करावा. हा गुन्हा आहे की नाही, हे ठरविणे विद्यार्थ्याचे काम नव्हे. पण गंमत म्हणून किंवा कोणाला त्रास देण्यासाठी खोटी खबर देणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २१७ खाली शिक्षापात्र गुन्हा आहे. प्रामाणिक चूक आणि जाणूनबुजून बोललेले खोटे, हा भेद चौथे शील पाळणाऱ्याला वेगळा समजावून द्यावा लागणार नाही.

कसे बोलावे? पाच ‘क’

पंचशीलाप्रमाणे हे पाच प्रश्नही तोंडपाठ असावेत : कुठे, काय, केव्हा, कोणाला, कोणी.

यांत ‘कुठे’ पहिले. फोन मध्येच तुटला, बॅटरी संपली किंवा कोणी हातातून हिसकावला, तरी ठिकाण कळले असेल तर मदत येऊ शकते. ठिकाण न सांगता बाकी सगळे सांगितले, तर गाडी निघेल कोठे?

आपल्या परिसरात ठिकाण सांगणे वाटते तितके सोपे नाही. ‘सेक्टर सहा’ एवढेच सांगून भागत नाही, कारण नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर या सर्व वसाहतींत सेक्टरांचे क्रमांक पुन्हा पुन्हा येतात. आधी वसाहतीचे नाव, मग सेक्टर, मग इमारत किंवा जवळची ठळक खूण सांगावी. द्रुतगती मार्गावर असाल तर जवळच्या फलकावरील किलोमीटरचा आकडा आणि वाहन मुंबईकडे जात होते की पुण्याकडे, हे सांगावे. रेल्वेत असाल तर स्थानक, फलाट आणि डब्याचा क्रमांक सांगावा. कर्नाळ्याच्या बाजूच्या एखाद्या आदिवासी वाडीवर घराला क्रमांक नसतो. तेथे ग्रामपंचायतीचे नाव, वाडीचे नाव आणि जवळची शाळा किंवा देऊळ सांगावे. सुटीत गावी जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या वस्तीचा असा पत्ता एकदा लिहून काढावा.

पुढे एक कल्पित संभाषण दिले आहे. दोघांनी मिळून ते मोठ्याने वाचावे.

— हॅलो, पोलीस मदत. काय झाले?
— पळस्पे फाट्याजवळ, गोव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पेट्रोल पंपासमोर. तिघे जण एका माणसाला काठीने मारत आहेत.
— आत्ता मारत आहेत का?
— हो, आत्ताच. तो खाली पडला आहे. डोक्यातून रक्त येते आहे. रुग्णवाहिकाही हवी.
— त्यांच्याकडे काही हत्यार आहे?
— काठ्या दिसतात. दुसरे काही दिसले नाही.
— कशाने आले, पाहिलेत?
— पांढरी जीप आहे. क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे सात आणि एक. पुढचे वाचता आले नाहीत.
— तुम्ही सुरक्षित आहात ना?
— हो, रस्त्याच्या पलीकडे दुकानात आहे. हा फोन माझ्या मामांचा आहे. याच क्रमांकावर परत बोलता येईल.

या मुलाने काय केले, ते पाहा. त्याने ठिकाण पहिल्या वाक्यात सांगितले. जे दिसले नाही ते ‘दिसले नाही’ म्हणून सांगितले. कोणाचा दोष, भांडण कशावरून, याचा तर्क केला नाही. आणि समोरच्याने ठेवण्याआधी स्वतः फोन ठेवला नाही.

बोलणे शक्य नसेल, म्हणजे गुन्हेगार त्याच खोलीत असेल, तर फोन लावून चालू ठेवावा. पुष्कळ स्मार्टफोनांत चालू-बंद करण्याची कळ लागोपाठ तीन किंवा पाच वेळा दाबली असता आपत्कालीन हाक जाते. आपल्या फोनात ती कशी जाते, हे आजच पाहून ठेवावे. संकटात शिकायला वेळ नसतो.

गाडी येईपर्यंत

आधी स्वतः सुरक्षित व्हावे. हल्लेखोरांच्या अंगावर धावून जाणे म्हणजे शौर्य नव्हे, त्यामुळे जखमींची संख्या एकाने वाढते. चेहरा, कपडे, उंची, वाहनाचा क्रमांक, पळण्याची दिशा यांकडे लक्ष द्यावे आणि ते लगेच कागदावर लिहावे, कारण तासाभराने आठवण आपोआप बदलते. घटनास्थळावरील वस्तूंना हात लावू नये. पीडित व्यक्तीचे चित्रण करून ते मोबाइलवर फिरवू नये. चित्रण असेल तर ते पोलिसांकडे द्यावे, इतर कोणाकडेही नाही.

अपघातातील जखमीला मदत केली तर आपणच अडकू, ही भीती आता ठेवण्याचे कारण नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने घातलेले कलम १३४-अ अशा मदतकर्त्याला संरक्षण देते. आपले नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. उलट खून, दरोडा, खंडणीसाठी अपहरण यांसारख्या गुन्ह्यांची माहिती पोलिसांना देणे हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३ प्रमाणे प्रत्येकाचे कर्तव्य आहे.

हाक ऐकली गेली नाही तर

येथपर्यंतचा पाठ कोणत्याही शाळेत शिकविता येईल. पण आपल्या समाजाच्या मुलांना यापुढचे पानही वाचावेच लागते.

२९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे सुरेखा भोतमांगे, त्यांची कन्या प्रियंका आणि सुधीर व रोशन हे मुलगे यांची जमावाने निर्घृण हत्या केली. सुरेखाबाईंनी त्याआधीच्या एका मारहाणीच्या प्रकरणात हल्लेखोरांना ओळखून साक्ष दिली होती. खबर मिळूनही पोलीस वेळेवर पोहोचले नाहीत आणि कर्तव्यात कसूर केल्याबद्दल काही पोलिसांवर पुढे कारवाई झाली. सत्य सांगणारी एक आई एकटी पडली, हे आपण विसरता कामा नये. पण त्यातून ‘सांगून उपयोग नाही’ असा धडा घेतला, तर तिच्या साक्षीचा तो अपमान ठरेल. धडा असा घ्यावा, की सांगणारे पुष्कळ असावेत आणि सांगितल्यानंतर काय होते यावर त्यांचे लक्ष असावे.

त्यासाठी हक्क माहीत हवेत. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळताच प्रथम खबरी अहवाल नोंदविणे पोलिसांना बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात १२ नोव्हेंबर २०१३ रोजी स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात खबर देता येते. यालाच ‘झिरो एफआयआर’ म्हणतात. पनवेलकरांना याचे मोल विशेष आहे. आपला तालुका रायगड जिल्ह्यात असला तरी पनवेल शहराचे पोलीस नवी मुंबई आयुक्तालयाचे आहेत, पुढे खालापूर किंवा पेण लागले की रायगड पोलिसांची हद्द सुरू होते आणि रेल्वेच्या आवारात लोहमार्ग पोलीस असतात. ‘ही आमची हद्द नाही’ हे उत्तर ऐकून परत फिरण्याचे आता कारण नाही. अहवालाची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते, ती मागून घ्यावी. नोंद नाकारली तर वरिष्ठ अधिकाऱ्याकडे, म्हणजे जिल्ह्यात पोलीस अधीक्षकांकडे आणि आयुक्तालयात पोलीस उपायुक्तांकडे, लेखी तक्रार पाठवावी. तेथेही दाद न मिळाल्यास दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा.

जातीवरून हल्ला किंवा अपमान झाला असेल, तर उच्चारलेले शब्द जसेच्या तसे खबरीत लिहून घ्यायला लावावेत. संकोचाने ते गाळू नयेत. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंध कायद्याच्या कलम ४ प्रमाणे तोंडी दिलेली खबर लिहून घेतल्यावर ती सही घेण्यापूर्वी वाचून दाखविणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. त्यात जाणूनबुजून कसूर करणारा लोकसेवकही शिक्षेस पात्र आहे. म्हणून वाचून दाखविल्याशिवाय सही करू नये.

भिंतीच्या आत

आता सर्वांत अवघड गोष्ट. गुन्हा रस्त्यावरच घडतो असे नाही. तो शाळेच्या, वसतिगृहाच्या, आश्रमाच्या भिंतीआडही घडतो. २०११ साली आपल्याच परिसरातील कळंबोली येथे मतिमंद मुलींच्या एका निवासी संस्थेतील अत्याचार उघडकीस आले. ज्या मुलींना स्वतःची व्यथा शब्दांत सांगता येत नव्हती, त्यांच्या वतीने बोलणारा आवाज भिंतीआतून वेळेवर बाहेर आला नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाला. तक्रार नोंदविण्यास झालेल्या विलंबाने संतप्त झालेले पालक आणि नागरिक २० ऑगस्टला रेल्वे रुळांवर उतरले. घटना पोलिसांना न कळविल्याबद्दल शाळेच्या जबाबदार व्यक्तींवरही पुढे गुन्हा नोंदविण्यात आला.

संस्थेचे नाव खराब होईल, हा विचार अशा वेळी मनात येतो. तो आमच्याही मनात येऊ शकतो, हे आम्ही येथे मान्य करतो. म्हणूनच हे लिहून ठेवीत आहोत. पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे बालकावरील लैंगिक अपराधाची माहिती किंवा शंका असणाऱ्याने ती पोलिसांना कळविणे सक्तीचे आहे. न कळविणाऱ्याला कलम २१ खाली शिक्षा आहे आणि संस्थेच्या प्रमुखासाठी ती अधिक कडक आहे. बालकाला मात्र न सांगितल्याबद्दल शिक्षा नाही. कायद्याने हे ओझे मोठ्यांच्या खांद्यावर ठेवले आहे.

तेव्हा आमच्या विद्यार्थ्यांनो, एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. तुमच्या अंगाला कोणी तुम्हाला नको तसा स्पर्श केला, धमकावले, ‘कोणाला सांगू नकोस’ म्हणून बजावले, तर जे सांगू नकोस म्हटले तेच सांगायचे. वर्गशिक्षकांना सांगा, गृहपालांना सांगा, आईवडिलांना सांगा. तो माणूस शिक्षक असला, गृहपाल असला, चीवर धारण केलेला असला, तरीही सांगा. आम्ही ऐकले नाही तर १०९८ वर सांगा. १९९६ साली मुंबईत सुरू झालेली ही सेवा मुलांचे ऐकण्यासाठीच आहे. त्यासाठी आमची परवानगी लागत नाही, आणि असा फोन केल्याबद्दल कोणी तुम्हाला शाळेचे शत्रू म्हटले तर तो खोटे बोलतो आहे. बाळाच्या घशातला खडा काढताना रक्त येते, पण म्हणून तो खडा तेथेच राहू द्यायचा नसतो.

स्वाध्याय

१. आपले घर, आपली शाळा आणि आपल्या गावाचा थांबा, यांचा पत्ता अनोळखी माणसाला प्रत्येकी एका वाक्यात समजेल असा लिहा.
२. पाच ‘क’ न पाहता सांगा. पहिला ‘कुठे’च का, ते स्वतःच्या शब्दांत लिहा.
३. वरील संभाषणाच्या धर्तीवर, धावत्या लोकलमध्ये घडलेल्या चोरीची खबर द्या.
४. घरी गेल्यावर आजीआजोबांना ११२ आणि १९३० हे दोन क्रमांक शिकवा आणि त्यांच्या फोनजवळ मोठ्या अक्षरांत लिहून लावा.
५. ‘कोणीतरी कळविले असेल’ असे आपण शेवटचे केव्हा म्हटले होते, ते आठवा. हे उत्तर कोणाला दाखवायचे नाही.